मागचं धूसर

"आकडा लहान, तर भोक मोठं," खल्फानने चौथ्यांदा सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

समोर त्याची धाकटी बहीण झुवैना, पळून जाणारी कोंबडी धरावी तसा कॅमेरा धरून बसली होती. हे कुठलं उलटं गणित, असं तिचं म्हणणं. गणित मी केलेलं नाही, तू नुसतं पाठ कर, असं त्याचं. भोक म्हणजे अॅपर्चर. ते मोठं केलं की समोरचा माणूस तेवढा स्पष्ट येतो नि मागचं सगळं धूसर. बारीक केलं तर भिंतीवरची पालसुद्धा दिसते. शटर म्हणजे उजेडाचं दार. ते झटकन मिटलं तर नाचणारा हातही जागच्या जागी थांबलेला येतो. आणि आयएसओ, म्हणजे अंधारात उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद, उगाच वाढवलास तर फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसेल.

ओमानमधल्या निझव्यात तीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसावर ही वेळ आली होती. शुक्रवारी त्याच्या एकुलत्या लेकीची, रय्याची मेंदी होती आणि ठरलेली फोटोवाली बाई ऐनवेळी आजारी पडली होती. मेंदी बायकांची. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, तिथले फोटोही पुरुषाने बघायचे नाहीत. दुसऱ्यांच्या लेकीसुना मोकळ्या केसांनी नाचतात. रय्या हॉलवरच नटणार आणि परतताना पुन्हा अंगभर काळा अबाया चढवणार. आईवेगळ्या पोरीला त्याने एकट्याने वाढवलं, पण हिरव्या पोशाखातली नवरी काही त्याला दिसणार नव्हती. जीव तुटत होता, पण सांगणार कुणाला? निदान पोरीपाशी तरी चांगले फोटो राहावेत, एवढ्यासाठी ही सगळी डोकेफोड.

आणि झुवैना ढिम्म. सरावाला तिने शेजारच्या शमसाचा फोटो काढला. शमसा स्पष्ट, मागचा गॅस सिलिंडर स्पष्ट, दोरीवरचे पायजमेही स्पष्ट. अॅपर्चर उघड म्हणून तो ओरडला, तर ही म्हणते, मागच्यांनी काय पाप केलंय? मेंदीत एखादी मावशी पुसट आली तर वर्षभर बोलायची नाही माझ्याशी.

"लग्न माझ्या लेकीचं आहे, मावश्यांचं नाही," तो करवादला. गुरुवारी त्याने हात टेकले. काय घालायचा तो गोंधळ घाल म्हणाला आणि कॅमेरा तिच्या स्वाधीन केला.

आठवड्याने ती अल्बम घेऊन आली. खल्फानने मान फिरवली, झाक ते म्हणाला. तिने सरळ त्याच्या मांडीवर उघडून ठेवला.

रय्या. हिरवा पोशाख, कपाळावर सोनं, हसताना एक डोळा बारीक झालेला, थेट आईसारखा. पापणीन् पापणी मोजता येत होती. मागे नुसते रंग. त्याने पान उलटलं, मग घाईघाईने आणखी दहा. शेवटपर्यंत रय्याखेरीज एक चेहरा ओळखू येईल तर शपथ. तोंडातून मात्र निघाला तो नेहमीचा वैतागच.

"शिकलीस ती अशी? अगं, सगळ्यांनाच पुसून टाकलंस! बाया फाडून खातील तुला."

"त्यांचा अल्बम वेगळा केलाय, दादा," झुवैना म्हणाली. "हा बापाचा."