चिमूटभर भुसा

जन्मभर सुतारकाम केलेले बाबा आता मला ओळखत नाहीत, पण कपाटाखालचा भुसा ओळखतात. रोज चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवला, की बोटांनी चोळून सांगतात, "पिठासारखा मऊ आहे, म्हणजे भुंगा. दाणेदार असता तर मात्र वाळवी. पांढरा म्हणजे ताजा. किडा आत जिवंत आहे बरं का!" दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच. "अगं, तुझ्या लग्नासाठी त्यांनीच बनवलेल्या कपाटाची पार चाळण झाली. औषध मारूया," नवरा करवादतो. मी विषय बदलते. आज कपाटाखाली काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातून गव्हाच्या पिठाची चिमूट आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चोळली, हुंगली. "हे खायचं पीठ आहे." मला रडू कोसळलं. ते अवघडून मागे सरकले. "रडू नका, बाई. भुसा थांबला म्हणजे किडा मेला. वाचलं तुमचं कपाट."