रंग उडालेला हॉल

रेक्झिनचा सोफा दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा काशी दारातच उभी होती. तिने हात आडवा घातला आणि हमालांना सोफा परत खाली न्यायला सांगितला.

सोफा तळमजल्यावरच्या विमलबाईंचा. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. बेलापूरच्या त्या सिडको वसाहतीत ही रीतच पडून गेली होती. कुणाकडे बघायला येणार म्हटलं की एका घरातून सोफा निघायचा, दुसऱ्यातून टीव्ही, तिसऱ्यातून काचेचे कप, आणि संध्याकाळपुरतं ते घर श्रीमंत व्हायचं. विमलबाईंच्या सोफ्याने इतकी लग्नं जमवली होती की मध्यस्थाचा मान खरं तर त्यालाच द्यायला हवा होता.

तो मागवला होता शिवरामकाकाने. काशीचे वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. तेव्हापासून या घरातलं सगळं त्यांचा हा धाकटा भाऊ दिवाळे गावात बसून ठरवत आला होता. काशीच्या आईने, मुक्ताबाईने, खाडीतलं म्हावरं कुठे विकावं, कुणाच्या हळदीला जावं, कुठलं लुगडं नेसावं, सगळं. स्थळ आल्याचं काशीनेच त्याच्या कानावर घातलं होतं. नावड्याहून गंगाराम आणि त्यांच्या घरची माणसं रविवारी येताहेत, वडीलधारे म्हणून तुमी बसा, एवढंच ती म्हणाली होती. काका खूश झाला होता.

आता तो जिना चढून धापा टाकत आत आला आणि हॉल बघून थबकला.

खिडकीखाली गावच्या घराचं जुनं दार विटांवर आडवं ठेवून त्याची बैठक केली होती. दाराचा हिरवा रंग जागोजागी उडाला होता. त्याखालचा निळा दिसत होता, काही ठिकाणी नुसतं लाकूड. समोर मुक्ताबाईच्या माहेरची पेटी, गंजलेल्या कडीसकट. उशांना विरलेल्या लाल-जांभळ्या लुगड्यांचे अभ्रे होते. वडील गेल्यावर ही रंगीत लुगडी काकानेच गाठोड्यात बांधायला लावली होती. काशीने गाठोडं सोडलं. फाटली होती त्यांचे अभ्रे शिवले, धड होती ती घडी करून आईच्या कपाटात लावली.

वाशीच्या ज्या आर्किटेक्टकडे ती टायपिंग करायची तिथे परदेशी मासिकं पडलेली असत. त्यातल्या एकात तिने अशी खोली पाहिली होती. तिकडे म्हणे लोक नवीन कपाट आणून पॉलिश पेपरने घासतात, रंग मुद्दाम उडवतात आणि मग त्या खोलीत ऐटीत बसतात. काशीला हसू आलं होतं. घासायचे कष्ट इथे खाडीच्या वाऱ्याने आधीच करून ठेवले होते.

"घर हाय का भंगारवाल्याचं दुकान हाय?" काका म्हणाला. "पावने दारातूनच परत जातील. ठरतंय ते मोडशील, काशे."

"मोडलं तर मोडलं. उसना सोफा बघून हो म्हणणारी माणसं आमाला नकोत. जे आहे ते रंग उडालेलं दिसलं तरी चालेल, पण आमचं दिसू दे."

बोलायला ती बोलली, पण हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि हे लग्न व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं.

काकाने मग मुक्ताबाईला मध्ये घातलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती.

"काशे, राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "मना भ्या वाटतंय. लोक हसतील."

काशीने जवळ जाऊन तिचे हात पदराने पुसले. लोक आजवर काय कमी हसले, म्हणाली, आता आपणही थोडं हसू. मग तिला आत नेऊन पोह्यांचा कांदा चिरायला बसवलं आणि स्वतः पाहुण्यांची वाट बघत दाराशी येऊन उभी राहिली.

पाहुणे वेळेवर आले. गंगाराम, त्यांची थोरली बहीण जाईबाई आणि गंगारामांचा आईवेगळा मुलगा धर्मराज. तिघंही त्या आडव्या दारावर बसले. नवीन फर्निचरची ऑर्डर दिली आहे, जरा उशीर झाला, असं काका घाईघाईने सांगू लागला. काशीने तिथल्या तिथे सांगितलं की कसलीही ऑर्डर दिलेली नाही, आमचं घर असंच आहे. काकाचा चेहरा पडला. जाईबाईने मात्र उशी उचलून शिवण बघितली, लाकडावरून हात फिरवला आणि असं सागवान आता मिळत नाही म्हणाली. गंगाराम ऐसपैस टेकून बसले. काशीला जरा धीर आला.

काकाने मग धर्मराजला धरलं. नोकरी कुठे, कायम आहे का, दारू-तंबाखू काही, घरात पाणी किती वेळ येतं. पोरगा थोडा गोंधळला. एकदा त्याने वडिलांकडे बघितलं, मग सरळ उत्तरं देत गेला. काकाचं समाधान झालेलं दिसलं.

काशी समोर पेटीवर बसून सगळं ऐकत होती. काकाने तिला डोळ्यांनी खुणावलं. ती उठली नाही. त्याने परत खुणावलं, खाकरला, आणि शेवटी न राहवून बोललाच.

"काशे, बघायला आल्यावर पोरीनं आत बसायचं असतं. एवढी तरी रीत पाळ."

"पाळलीय, काका. ती आतच बसलीय," काशी म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे वळून तिने हाक मारली, "आई, पोहे घेऊन बाहेर ये. पाहुणे तुला बघायला आलेत."