आठ पुड्या

“आठही संपल्या? आठ दिवसांत?”

डॉक्टर मृणाल खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. समोर टेबलावर औषधाच्या आठ रिकाम्या पुड्या पडल्या होत्या. कोकिळाबाईंनीच त्या पिशवीतून काढून ठेवल्या होत्या, “संपल्या मॅडम, आणखी लिहून द्या,” असं म्हणत. शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेचा, पूर्णिमाचा, चेहरा खर्रकन उतरला. तिला सहावा महिना होता. मागच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून यंदा ती जिनासुद्धा भिंतीला धरून उतरायची.

“अहो, ही साठ हजार युनिटची पुडी आहे,” मॅडम म्हणाल्या. “आठवड्याला एक, असं मी बजावून सांगितलं होतं ना? दोन महिन्यांचं औषध आठ दिवसांत? रक्तात कॅल्शियम चढलं तर हिच्या किडनीवर येईल. बाळालाही धोका. दिलं कुणी?”

“मीच,” कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज असा, की त्यांचा त्यांनाच ऐकू आला असेल.

चूक तशी साधी होती. जुन्या इतवारीतल्या त्यांच्या अरुंद गल्लीत ऊन दारापर्यंत येतच नाही, आणि मागच्या अनुभवाने धास्तावलेली पूर्णिमा घराबाहेरही पडत नव्हती. तपासात तिचं ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. आईकडेच नसेल तर बाळ काय घेऊन येणार, त्याची हाडं कशी भरणार, असं म्हणून मॅडमनी पुड्या लिहिल्या. पूर्णिमाला गोळ्यांच्या वासानेही मळमळायचं. मग औषधाचा डबा सासूने आपल्या ताब्यात घेतला. लोहाची गोळी रोज, कॅल्शियमची रोज. तिसरं औषध, म्हणजे पुडी, आठवड्यातून एकदाच असतं, हे त्या बाईच्या डोक्यातच शिरलं नाही. हातात येईल ते पूर्णिमा डोळे मिटून घ्यायची. सासूवर विश्वास होता, करणार काय!

मॅडमनी लगेच रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट तासाभरात येणार होता.

तो तास दोघी बाहेर बाकावर बसल्या. पूर्णिमाचा हात पोटावरून हलत नव्हता. सकाळपासून बाळ दोनदाच हललं होतं की तीनदा, हेच ती आठवत होती. नवऱ्याला, योगेंद्रला, फोन लावावा असं तिला वाटलं. पण सांगायचं काय? तुमच्या आईने असं केलं म्हणून?

“काही तरी खाऊन घे, बेटा.” कोकिळाबाईंनी पिशवीतून केळं काढलं. सवयीने त्याचे तीन तुकडे केले. एक सुनेपुढे धरला, एक शेजारच्या अनोळखी बाईला दिला. या बाईंच्या हातून एकट्या माणसाला कधी काही मिळालेलंच नव्हतं. घरात एक पेरू आला तरी त्याच्या फोडी सगळ्यांना पोचायच्या.

पूर्णिमाने तोंड फिरवलं. कोकिळाबाईंनी तो तुकडा हातातच धरून ठेवला. त्या पदराने डोळे पुसायच्या आणि पुन्हा मॅडमच्या दाराकडे पाहायच्या.

नर्सने हाक मारली. दोघी आत गेल्या.

मॅडम कागद वरून खाली वाचत होत्या, मग पुन्हा खालून वर. “कॅल्शियम अगदी नॉर्मल आहे,” त्या म्हणाल्या. पूर्णिमाला हुंदका फुटला. केवढं मोठं ओझं उतरलं! पण मॅडमच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. “आजी, खरं सांगा. रोज देत होतात?”

“रोज.”

“पूर्ण पुडी?”

कोकिळाबाई उठून उभ्याच राहिल्या. “मॅडम, मला काय बोलायचं ते बोला. हिला पुरी पुडी कधी मिळालीच नाही हो! मी ती पातेल्यात टाकायची. घरभराच्या दुधात.”

“आई!” पूर्णिमा ओरडली.

“मग काय करू? एवढं ताकदीचं औषध एकटीला द्यायचं, बाळ जास्तीचं मोठं झालं म्हणजे? आणि सगळ्यांच्या देखत तू एकटीच पेला घेऊन बसणार, कुणाची नजर लागली म्हणजे? आपल्या घरात असं एकट्याने कुणी खाल्लंय का कधी? म्हटलं, सगळ्यांच्या पेल्यात थोडं थोडं गेलं तर कुणाचं काय बिघडतंय.” त्यांनी मॅडमपुढे हात जोडले. “तुम्ही रागावताय ते त्याचसाठी, असं वाटलं मला. सुनेच्या वाट्याचं औषध घरभर पाजलं म्हणून. तोंड कसं दाखवू, असं झालं होतं.”

“औषध म्हणजे काय प्रसाद आहे वाटायला?” मॅडम कडाडल्या. “पुन्हा असं केलंत तर डबा मी माझ्या कपाटात ठेवीन! पुडी आठवड्याला एकच, ती हिच्याच पेल्यात, आणि बाकीच्यांना एक कणही नाही. आणि बाळ यानं अवाढव्य होत नसतं.”

“नाही करणार. देवाशप्पथ नाही.”

मॅडम लिहायला बसल्या. लिहिता लिहिता पेन थांबलं.

“घरात माणसं किती तुम्ही?”

कोकिळाबाई बोटांवर मोजू लागल्या. “आम्ही दोघं. योगेंद्र आणि ही. धाकटा मोहित, लेक भूमिका, आणि आमच्या कमलआत्या. सात.”

“आणि सगळ्यांना सारखंच दूध?”

“अगदी सारखं. मापाच्या पेल्याने. भेदभाव नाही करत मी.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आठ पुड्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि हसू आवरेना म्हणून चष्माच काढला.

“म्हणजे आठ दिवसांत हिच्या पोटात गेली साधारण एक पुडी. मी लिहून दिली होती तेवढीच!”