खिडकी क्रमांक तीन

पद्मजाताईंना मिळून मिळणार होतं काय, तर तक्रारींच्या खिडकीऐवजी आतली धूळभरली रेकॉर्ड रूम. तिथे कुणी अंगावर ओरडणार नव्हतं, एवढाच फायदा. ताण वाढला की त्यांना फिट येते, असं डॉक्टरांचं पत्र त्यांनी बदलीच्या अर्जाला जोडलं होतं.

बिबवेवाडीतल्या त्या पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "ताण काय तुम्हाला एकटीलाच आहे? मला बीपी आहे. मी दिलाय कधी अर्ज?"

"तुमच्यावर कुणी ओरडत नाही, साहेब."

"ओरडतात हो! परवाच एक जण केबिनमध्ये घुसला." मग ते पत्राकडे बघत राहिले. "पण डॉक्टरांचं पटतं बरं का. ताण टाळलाच पाहिजे."

सोमवारी केबिनच्या दारावर पाटी लागली: 'साहेबांना रक्तदाबाचा त्रास आहे. दार वाजवू नये. सर्व तक्रारी खिडकी क्रमांक तीनवर पद्मजाताईंकडे कराव्यात.'

महिन्याभरात साहेबांचं बीपी एकशेवीस-ऐंशीवर आलं. ताईंना तिसरी फिट खिडकीतच आली आणि टेबलाच्या कडेवर कपाळ फुटलं. रांगेतल्या एका बाईंनी धावत जाऊन केबिनचं दार बडवलं.

आतून आवाज आला, "पाटी वाचता येत नाही का?"