रिकाम्या पिंजऱ्याची हाक

कुणाला पटणार नाही, पण रिकामा पिंजरा बोलतो. खोटं असेल तर मिशी उतरवीन. नातीच्या पोपटाचा पिंजरा गंजला होता. पोपट खोक्यात ठेवून मी गज घासले, हिरवा रंग दिला आणि पिंजरा गॅलरीत वाळायला टांगला. दुपारी त्यातून हाक आली, “आजोबा, दार उघडा!” आत कुणीच नव्हतं, तरी झोका हलत होता. मी दार उघडताच गार वारा कानाला चाटून गेला आणि खोक्यातला पोपटही नाहीसा झाला! शाळेतून आलेली नात हे ऐकताना गजांवरून बोट फिरवत होती. नव्या रंगावर जागोजागी चोचीच्या खुणा होत्या. “रिकाम्या पिंजऱ्याचा रंग कुणी कुरतडला? रंग विषारी असतो, वास जाईपर्यंत पोपटाला आत सोडू नका, असं बजावलं होतं ना!” मी हातानं मिशी झाकली. “थापा पुरे, आजोबा! कुठं लपवलाय त्याला? श्वास घेतोय का अजून?”