रिकामे चौथरे

खंडेनवमीला नगरच्या बंद कारखान्यातल्या कामगारांनी आमदारांना पूजेला बोलावलं. मशिनी लिलावात कधीच गेलेल्या. शेडमधल्या रिकाम्या चौथऱ्यांनाच झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि प्रत्येकापाशी एकेक कामगार खाकी कपड्यांत उभा होता. यांच्या नोकऱ्यांसाठी आमदार विधानसभेत भांडले होते, पण सरकारच्या तिजोरीतच खडखडाट होता. तेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर सगळ्यांनी कानामागे हात धरले. "मोठ्यानं बोला साहेब," म्हातारा शांतवन कानाशी येऊन म्हणाला, "मशिनी चालू हायत." त्याचं मन राखायला आमदारांनी आवाज चढवला, तरी कुणाला ऐकू जाईना. "थांबा, बंद करतो," म्हणत शांतवननं भिंतीवरचा वायर तुटलेला खटका खाली ओढला. थरथरणाऱ्या माळा स्थिरावल्या. शेडमध्ये एकदम शांतता पसरली आणि तीत आमदारांचं ओरडणं घुमलं, "कारखाना पुन्हा सुरू होणार नाही."