वेग शून्य

"आजपासून किल्ली माझ्याकडे," मुलाने बाबांना सांगून टाकलं. चाळिशीचा माणूस. शर्ट कडक इस्त्रीचा, तोंड त्याहून कडक.

गाडी गॅरेजच्या दारात चालूच होती. स्टीअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. दुपारचं ऊन काचेवर पसरलं होतं आणि इंजिन असं घुमत होतं, जणू लांब कुठेतरी कुणी गुणगुणतंय. मागच्या सीटवर आई काचेला गाल लावून बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला.

मेकॅनिक बाईने स्कॅनर जोडला. मुलाच्या तोंडाचा पट्टा सुरूच. म्हणे, आपण कामावर गेलो की बाबा गाडी काढतात. धड दिसत नाही, तरी टाकी रिकामी होईपर्यंत उंडारतात, ते पण आईला घेऊन. आई आधीच रात्र रात्र घरभर येरझाऱ्या घालते, डॉक्टरांनीही हात टेकले. एक दिवस दोघं कुठेतरी जाऊन आदळतील. बाबा खाली मान घालून सगळं ऐकून घेत होते.

इंजिन तापतंय, बाई म्हणाली. दिवा लागतो त्या क्षणी वेग किती होता, ते गाडी स्वतःच टिपून ठेवते. तिने स्क्रीन पाहिली. परत पाहिली.

"वेग शून्य. मागच्या वेळचाही शून्यच. गाडी जागची हललेलीच नाही."

पळत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो, आणि इंजिन गार करणारा तो पंखाच बंद पडलाय. असं सांगत तिने हात घालून इंजिन बंद केलं.

घुमणं थांबलं. आई दचकून उठली. "आलं का माहेर?"

मुलगा बघतच राहिला. आईला झोपलेलं त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"चालवणं मी केव्हाच सोडलंय रे," बाबा हळूच म्हणाले. "घराच्या दारातच नुसती चालू करून बसतो. तेवढाच हिचा डोळा लागतो."

आई दाराची कडी चाचपडायला लागली. पंखा कधी मिळेल, मुलाने विचारलं. संध्याकाळी, बाई म्हणाली. तोवर गाडी थंड होऊ द्या, मग मोकळ्या रस्त्याने हळूहळू चालती ठेवलीत तर तापायची नाही.

गाडी थंड होईपर्यंत मुलगा आईचा हात धरून मागे बसून राहिला. मग पुढे बाबांच्या शेजारी आला, किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्याला लावली.

"अजून लांब आहे, आई. झोप तू."